करमाडपर्यंत गोड

‘पान कसं होतं?’ या प्रश्नाला खरं तर एक उत्तर नाही. कधीचं पान? तोंडात टाकल्या टाकल्याचं, पाच मिनिटांनंतरचं, की गालात नुसता चोथा उरला तेव्हाचं? जिलेबी पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जिलेबीच असते. चहा फार तर गार होतो. पान मात्र तोंडात गेल्यावर बदलत राहतं, आणि कितीही घाई केली तरी त्याचा शेवट आधी चाखता येत नाही.

अशा बदलत जाणाऱ्या चवीचा जगभर मिरवला जाणारा नमुना म्हणजे क्यूबन सिगार. मी आयुष्यात एकच सिगार ओढली आहे, तीही चौघांत मिळून. गेल्या दिवाळीत माझा चुलतभाऊ दुबईहून आला, तेव्हा त्याने एक आणली होती. सिडकोतल्या त्यांच्या गच्चीवर, फटाक्यांच्या धुरात आम्ही ती पेटवली. दादा शिकवत होता: धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात फिरवायचा आणि सोडून द्यायचा. घाई करायची नाही, मिनिटाला एखादा झुरका. आणि सिगारचे तीन भाग असतात, ते ओळखायचे.

हे तीन भाग कुठे आखलेले नसतात. पण शौकीन तसेच बोलतात: पहिला तिसरा भाग, मधला, शेवटचा. पहिला मला वाळलेल्या कडब्यासारखा लागला, थोडा लाकडाच्या भुशासारखा. मधल्या भागात खरंच काहीतरी झालं. भाजलेले शेंगदाणे, कडक कॉफी, नव्या चपलेच्या दुकानात येतो तसा चामड्याचा वास. शेवटी मिरी, मग नुसता कडवटपणा, आणि मला ठसका. फ्रेंच लोकांनी या तीन भागांना यमक जुळवून तीन शब्द दिले आहेत, त्यांचा अर्थ होतो: गवत, दिव्य, शेणखताचं पाणी. मला हे फार आवडलं. इतक्या महागड्या वस्तूचा शेवट शेणखतात होतो हे तिचे भक्तच कबूल करतात.

असं का होतं, ते नंतर वाचलं. सिगारच्या जळत्या टोकाकडून येणारा धूर न जळलेल्या तंबाखूतून गाळला जात तोंडापर्यंत पोचतो. वाटेत निकोटीन आणि चिकट डांबर त्या पानांवर बसत जातं. सिगार आखूड होते तसा गाळणारा भाग कमी होतो, धूर गरम येतो, आणि आधी जे साठलं होतं तेही आता जळायला लागतं. म्हणजे शेवटचा भाग कडू असतो, कारण पहिल्या दोन भागांचा गाळ त्याच्यात उतरलेला असतो. शिवाय वळणारा कारागीर आत तीन तऱ्हेची पानं भरतो. झाडाच्या खालची पान नीट जळावं म्हणून, मधली वासासाठी, आणि शेंड्याकडची, जास्त ऊन खाल्लेली, ताकदीसाठी. त्यांचं प्रमाण आणि जागा त्याच्या हातात. (क्यूबातल्या सिगारच्या कारखान्यांत कामगारांना काम करताना मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस असतो, 1865 पासूनची पद्धत आहे. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या. ‘मोंटेक्रिस्टो’ हे सिगारचं नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आलं ते त्यामुळेच. मला हे सिगारपेक्षा आवडलं.)

पप्पा तेव्हा गच्चीवर कठड्याला टेकून उभे होते. त्यांनी सिगार हातात घेतली, ओढली नाही, नुसती नाकाखालून फिरवली आणि परत दिली. मग म्हणाले, “तीन भाग आमच्या पानालाबी असायचे. तुमचं ते गवत का काय, आमचं चिकलठाणा.”

पप्पा एसटीत कंडक्टर होते, 2016 मध्ये रिटायर झाले. बरीच वर्षं त्यांची ड्युटी जालना गाडीवर होती. मध्यवर्ती बसस्थानकातून गाडी निघाली की पान तोंडात. चिकलठाणा येईपर्यंत तिकिटं फाडणं चालू, तोंड भरलेलं, बोलणं खुणेने, आणि चव सगळी वरवरची: पानाचा हिरवा तिखटपणा, चुन्याचा चटका, त्यावर गुलकंद. चिकलठाण्यानंतर गाडी मोकळी धावायला लागली की बडीशेप आणि वेलची. “करमाडपर्यंत गोड,” ते म्हणाले. करमाडला लवंग लागायची. तिथून पुढे कात घशाला धरायचा, आणि बदनापूर यायच्या आत गोडी, वास, रंग, सगळं उतरून गेलेलं असायचं. “मग?” दादाने विचारलं. “मग जालन्यापर्यंत सुपारी.”

औरंगाबाद ते जालना साठेक किलोमीटरचं अंतर. त्यातला उरलेला सगळा रस्ता नुसती सुपारी.

मी त्यांची मुलगी, अठ्ठावीस वर्षं त्यांच्या शर्टाच्या खिशावरचे डाग बघत आलेली, पण हा नकाशा मी पहिल्यांदाच ऐकत होते. पान बंद झाल्यापासून ते पानाबद्दल जास्त बोलतात.

*

या शहरात पानावर बोलायला कुणाला निमंत्रण लागत नाही. (शहराचं नाव 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर झालं. आमच्या घरात पप्पा औरंगाबाद म्हणतात, भाऊ संभाजीनगर म्हणतो, आई ‘शहर’ म्हणते.) उस्मानपुऱ्यातलं तारा पान सेंटर बाहेरगावचे लोक व्हिडिओ करायला शोधत येतात, तिथलं 5000 रुपयांचं ‘कोहिनूर’ पान बातम्यांत येऊन गेलं आहे. मी ते खाल्लेलं नाही आणि खाणारही नाही, एका पानाची चव 5000 रुपयांइतक्या वेळा बदलेल यावर माझा विश्वास नाही. पण रात्री दहानंतर जेवून, स्कूटीवर बसून पान खायला जाणं, टपरीसमोर स्टँड न लावता गाडीवरच बसून राहणं आणि ‘एक मसाला, सुपारी भाजकी, चुना कमी’ असं ओरडणं, हे इथल्या अनेक घरांसारखं आमच्याही घरात चालायचं.

आणि हे जुनंच आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 14व्या शतकात दौलताबादला येऊन गेला. शहरापासून पंधराएक किलोमीटरवरचा तोच किल्ला, जिथे आमची शाळेची सहल दरवर्षी जायची आणि अंधारीत दरवर्षी कुणीतरी रडायचं. हिंदुस्थानातल्या पानाबद्दल त्याने बारकाईने लिहून ठेवलंय: आधी सुपारी फोडून तुकडे तोंडात घ्यायचे, मग पानाला चुना लावून त्याच्याबरोबर चावायचं. आणि कुणी पान दिलं तर तो मान सोन्याचांदीपेक्षा मोठा समजतात, असंही. त्याच्या यादीत तंबाखू नाही. असणार कशी, तंबाखू तेव्हा समुद्रापलीकडे होती. 1492 मध्ये कोलंबसच्या माणसांनी क्यूबात लोकांना पानांची गुंडाळी पेटवून ओढताना पाहिलं, आणि त्यानंतर साधारण शंभर वर्षांनी ती दख्खनेत स्थिरावली होती. अकबराचा माणूस असद बेग विजापूरला गेला होता, त्याने तिथे तंबाखू पाहिली आणि परतताना बादशहासाठी घेऊन गेला, सोबत सजवलेली चिलीम. दरबारातल्या हकिमाने हरकत घेतली, ही अनोळखी वस्तू आहे, आपल्या ग्रंथांत हिच्याबद्दल काही नाही. अकबराने तरी झुरके घेतलेच.

डॉक्टर नको म्हणतायत आणि पेशंट म्हणतोय एकच, हा प्रसंग तेव्हापासूनचा.

मला गंमत वाटते ती आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाची. तिथेही पानाचे तीन भाग सांगितले आहेत, पण फ्रेंचांच्या बरोबर उलटे. पानाचा पहिला रस विषासारखा, तो थुंकावा. दुसरा पचायला जड, पोट ढाळणारा, तोही थुंकावा. तिसऱ्यापासून पुढचा अमृतासारखा, तो गिळावा. सिगार गवतापासून सुरू होऊन शेणखतात संपते, आपलं पान विषापासून सुरू होऊन अमृताला पोचतं. बसस्टँडच्या कोपऱ्याकोपऱ्यांत लाल भिंती दिसतात ते लोक बहुधा पहिल्या दोन भागांवर असतात.

तिसरा भाग म्हणजे काय उरतं? गुलकंद आणि बडीशेपेतली साखर लाळेत विरघळून पहिल्यांदा जाते. वेलची-लवंगेचा वास जिभेला कळतच नाही खरं तर, चावताना तो घशामागून नाकात चढतो. नाक दाबून पान खाऊन बघा, गोड-तुरट ओला पाला लागेल, बाकी काही नाही. हे वास उडून जाणारे असतात, त्यामुळे तेही संपतात. लवंगेतलं युजेनॉल जीभ किंचित बधिर करून जातं. कातातलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं, तुरट होतं. चुन्याशी गाठ पडली की तोच कात लाल होतो. आणि या सगळ्यांच्या मागे, कुणाच्याही पाठीवर न बसता, हळूहळू, सुपारी आपला रस सोडत राहते. चुन्यामुळे तो अधिक चांगला सुटतो. त्यातलं अरेकोलिन रक्तात जातं, कान गरम होतात, थोडा घाम येतो, झोप उडते. रात्रीच्या गाडीवरच्या कंडक्टरला नेमकं हेच हवं असतं. अमृत म्हणा.

पप्पांनी आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही. याचा त्यांना केवढा अभिमान होता. टपरीवर शेजारचा ‘120-300’ म्हणाला की हे माझ्याकडे बघून डोळे मिचकवायचे. म्हणजे, बघ, आपलं साधं. त्यांचं मसाला पान, त्यात भाजकी सुपारी नेहमीपेक्षा जास्त, आणि खिशात कातरलेल्या सुपारीची वेगळी पुडी. पान संपलं तरी सुपारी संपू नये म्हणून.

*

दोन वर्षांपूर्वी औरंगपुऱ्यात आम्ही पाणीपुरी खात होतो. पप्पांनी पुरी तोंडाजवळ नेली आणि ती आत गेली नाही. त्यांनी ती प्लेटमध्ये फोडून खाल्ली. मला वाटलं, दात दुखत असेल. मग लक्षात यायला लागलं की ते जेवताना पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसतात, ठेचा घेत नाहीत, आणि नान-खलिया, जो या शहरात मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर आला असं सगळे सांगतात आणि जो ते रमजानच्या दिवसांत मित्रांबरोबर हटकून खायला जायचे, त्याला नको म्हणाले. “आग होते.” खलियाची आग होते म्हणणारे पप्पा मला माहीत नव्हते.

डेंटिस्टने त्यांना स्वतःची तीन बोटं उभी करून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली, तीही कष्टाने. मग छोट्या पट्टीने मोजलं. वरच्या आणि खालच्या दातांमधलं अंतर 22 मिलिमीटर. साधारण माणसाचं 40च्या आसपास असतं. ओरल सबम्युकस फायब्रोसिस. गालाच्या आतल्या मऊ अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साचत जातात, गाल चामड्यासारखा कडक होतो, तोंड उघडेनासं होतं. कारण, सुपारी. तंबाखू नाही, सुपारी. काहींच्या बाबतीत पुढे कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच नोंदवून ठेवलंय की तंबाखू नसलेलं सुपारीचं पानही माणसात कर्करोग करतं, आणि सुपारी एकटीही. 2012 मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी आली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, पप्पांनी सुपारी चघळत.

“पण मी तंबाखू खात नाही,” ते डॉक्टरांना तीनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा त्यांचा आवाज तिकीट न काढलेल्या माणसासारखा झाला होता.

झालेलं कडकपण मागे जात नाही. सुपारी बंद, गालात इंजेक्शनं, आणि व्यायाम. व्यायाम म्हणजे आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. त्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या, तोंड तेवढं उघडं ठेवायचं, दिवसातून चारपाच वेळा. दर आठवड्याला जमली तर एक काडी वाढवायची. आईने होलसेलमधून शंभराचा गठ्ठा आणला. सकाळी सात वाजता टीव्हीसमोर एक निवृत्त कंडक्टर दातांत काड्यांची गड्डी धरून बातम्या बघतो. बोलता येत नाही, म्हणून खुणेने चॅनल बदलायला सांगतो. तोंडात पान असतानाच्याच त्या खुणा आहेत, मला सगळ्या कळतात.

माझी पानाची हौस मात्र गेली नाही, आणि ती जावी असंही मला वाटत नाही. हे लिहिताना मला माहीत आहे की यावर लोक दोन्ही बाजूंनी भांडतील. एक म्हणतील, एवढं बघून खातेस कशी. दुसरे म्हणतील, आजीने नव्वद वर्षं खाल्लं, काय झालं? आजीने खाल्लं हे खरं. तिचा पानाचा डबा, अडकित्ता, चुन्याची डबी अजून कपाटात आहे. पण ‘आमच्या आजीला काही झालं नाही’ हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. ज्यांच्या आज्यांना झालं त्यांना हे वाक्य बोलायची सोय नसते. आणि दुसरीकडे, पान म्हणजे निव्वळ व्यसन, अडाणी लोकांची घाण, असं पुण्यात माझ्या ऑफिसमधले लोक बोलतात तेव्हाही राग येतो, कारण तेच लोक सिगारच्या मधल्या भागात कोकोची छटा शोधतात आणि त्याला अभिरुची म्हणतात. एकाच्या पाल्याला शेरा, दुसऱ्याच्या पाल्याला शब्दकोश.

मी आता सुपारी आणि कात वगळून सांगते. पानवाले चाचा पहिल्यांदा हसले. “बेटा, फिर बचा क्या?” मी म्हटलं, बचेगा बहुत. त्यांनी मघई पान घेतलं, गुलकंद, बडीशेप, खोबऱ्याचा कीस, वेलची घातली, घडी घातली, वरून लवंग टोचली. त्यांच्या हाताकडे बघितलं तर कळतं की पानाची चव क्रमाने यावी अशीच त्यांची घडी असते. गुलकंद अगदी मध्ये, म्हणजे पहिला चटका पानाचा लागतो आणि गोडी मागून फुटते. लवंग बाहेरून, म्हणजे ती कधी चावायची हे खाणाऱ्याने ठरवायचं. त्यांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा गाडीवर मागे बसले होते. चाचांनी सवयीने दुसरं पान उचललं, आणि परत ओल्या फडक्याखाली ठेवलं. काही बोलले नाहीत. तीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे.

मी पान तोंडात घातलं आणि गाडी सुरू केली. मागून पप्पांनी विचारलं, “कुठं आलीस?”

मला कळायला वेळ लागला. मग मी म्हटलं, “चिकलठाणा.”

“चटका?”

“नाही, चुना नाहीये ना. नुसतं हिरवं.”

क्रांती चौकाच्या सिग्नलला लाल दिवा होता. त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, गुलकंद फुटला. ते म्हणाले, लवकर चावतेस तू, धर थोडं गालात. मी धरलं. वेलची आली, मी सांगितलं. सेव्हन हिलच्या पुलावर वारा लागला आणि बडीशेप एकदम गार वाटली, तेही सांगितलं. लवंगेवर ते थांबले. “आत्ता नको चावू. करमाड येऊ दे.” आम्ही सिडकोत घराजवळ पोचलो तेव्हा मी लवंग चावली. “आलं करमाड,” मी म्हटलं. त्यानंतर गोडी गेली, वास गेला, पानाची थोडी शीर उरली होती, ती मी गिळली. तोंडात काहीच नव्हतं.

“पुढं?” त्यांनी विचारलं.

“पुढं काही नाही, पप्पा. गाडी इथंच थांबते.”

“बदनापूर नाही?”

“सुपारीच नाहीये.”

ते उतरले, गेट उघडलं. “म्हणजे अर्ध्या तिकिटाचं पान,” ते म्हणाले. त्यांना ते पटलेलं नव्हतं, हे आवाजात कळत होतं. खरं सांगायचं तर मलाही पूर्ण पटलेलं नाही. सुपारी काढली की पानाचं मिठाईत रूपांतर होतं. चघळायला काही राहत नाही, गाल रिकामा होतो, आणि पान खाऊन झाल्यावर जो अर्धा तास माणूस गप्प, सुखात बसलेला असायचा तो अर्धा तास त्यातून जातो. पप्पांचं तोंड ज्याने बंद केलं, त्यानेच त्यांच्या रात्रीच्या फेऱ्या निभावल्या होत्या.

गेल्या महिन्यात तपासणी होती. काड्यांचा गठ्ठा संपून दुसरा आणला होता, कारण चावून चावून त्या पिंजतात. डॉक्टरांनी पट्टी लावली. 27. पप्पांनी दोनदा मोजायला लावलं, हिशेब जुळला पाहिजे म्हणून. पुन्हा 27. गालाच्या आतल्या पांढऱ्या डागांचा फोटो काढला, मागच्या फोटोशेजारी ठेवून बघितला, आणि तीन महिन्यांनी परत या म्हणाले.

निघताना पप्पा दारात थांबले. “डॉक्टर, एक विचारायचं होतं. सुपारी नाही, कात नाही, चुना नाही. नुसतं पान. आणि वर एक लवंग.”

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

“आधी 30 करा,” डॉक्टर म्हणाले. “मग बोलू.”

पप्पांनी घरी येऊन कॅलेंडरवर 30 लिहिलं. त्या रात्री त्यांनी दातांत एक काडी जास्त धरली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि आई ओरडेपर्यंत काढली नाही.